कादंबरीचं गाव कुठे वसवायचं?

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत: कादंबरी डोक्यात आहे, पण ती कुठे घडवायची आणि त्या जागेची माहिती गोळा करायची कशी? म्हणून यावेळी फक्त तीच पत्रं घेतली आहेत. लांब पत्रांतला मुद्द्याचा भाग तेवढा दिला आहे.

एक वाचक, नागपूर : मला पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहायची आहे. माझे आजोबा तेव्हा नोकरीनिमित्त पुण्यात होते. त्यांच्याकडून लहानपणी पुष्कळ ऐकलं, आता ते नाहीत. मी स्वतः पुण्यात चार-दोन दिवसांपलीकडे राहिलेलो नाही. वर्षभर वाचन करून वही भरली आहे. ती सोबत पाठवतो. पण पहिलं प्रकरणच सुरू होत नाही. आणखी वाचू, की पुण्याला जाऊन राहू?

तुमची वही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. १२ जुलै १९६१, बुधवार. काम पुरं न झालेलं पानशेतचं मातीचं धरण सकाळी फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्याला आलं, काही तासांनी तेही धरण फुटलं, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती रचणारे जवान, पुढे नेमलेला न्यायमूर्ती बावडेकरांचा आयोग, त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईकांचा आयोग, सगळं तुम्ही नीट टिपलं आहे. पण एवढ्या मोठ्या वहीत एकही माणूस सकाळी उठून कामाला निघालेला नाही. पहिलं प्रकरण अडलंय ते म्हणूनच.

आजोबा कसली नोकरी करत होते, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. मला सगळ्यात आधी तेच हवं होतं. नागपूरचा माणूस १९६१ मध्ये पुण्यात काय करत होता? १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि कितीतरी सरकारी नोकरांना बिऱ्हाड उचलून पश्चिमेला यावं लागलं. तुमचे आजोबा त्यांतले असतील तर तुमच्या हाती नुसता पूर नाही. राजधानी गमावलेल्या शहरातून आलेला एक माणूस आहे. तो नारायण पेठेतल्या एखाद्या वाड्यात खोली घेऊन राहतो, खानावळीत जेवतो, आणि त्याची बोली ऐकून शेजारचे हसतात. घरमालकाच्या बायकोला तो काय हाक मारतो? त्याच्या ताटातल्या भाजीत गूळ का, हे तो कोणाला विचारतो? त्याच्या घरी नागपूरला दरमहा किती रुपये जातात?

दुसरी गोष्ट. तुम्हाला पुणं माहीत नाही, याची तुम्ही पत्रभर काळजी केली आहे. त्या माणसालाही पुणं माहीत नव्हतं. पाणी आलं तेव्हा पेठेत जन्मलेल्याला कुठली गल्ली चढाची आणि कुठली उताराची, हे पायांना ठाऊक होतं. परगावच्या माणसाला हा प्रश्न जिवावरचा होता. तुमचं अनोळखीपण त्याला देऊन टाका. तो चुकीच्या वळणावर वळेल आणि तुमचं प्रकरण चालू लागेल.

आता वाचनाचं. पाण्याची उंची फुटांत किती होती, याचा नाद सोडा. त्या माणसाच्या एका दिवसाची ताससारणी करा आणि जिथे हात अडेल तिथलीच माहिती शोधा. सकाळी वाड्यातल्या सामाईक नळाला पाणी किती वाजता यायचं? चहा शेगडीवर की स्टोवर? कचेरीला सायकलवर की पायी? पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं, पण परगावच्या कारकुनाला सायकल परवडत होती का? खिशात नाणी कोणती? नवे पैसे १९५७ च्या एप्रिलपासून आले होते, तरी बाजारात माणसं चार आणे, आठ आणेच म्हणत होती. किलो आणि लिटर नुकते दुकानांत शिरत होते, तोंडात मात्र शेर आणि पायली. हे दोन्ही एका वाक्यात आले की १९६१ साल वेगळं सांगावं लागत नाही.

जुनं पंचांग उघडा. ही सवय प्रत्येक कादंबरीकाराने लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. १२ जुलै १९६१ ला अमावास्या होती. म्हणजे पूर ओसरल्यानंतरची ती पहिली रात्र, वीज गेलेली, रस्ते चिखलाने भरलेले, आणि आकाशात चंद्राची कोरसुद्धा नाही. तुमच्या वहीत त्या रात्रीबद्दल ‘भयाण रात्र’ एवढंच आहे. त्याऐवजी कोणाकडे कंदील होता, त्यात रॉकेल किती होतं आणि तो कंदील कोणी कोणाकडून मागून नेला, हे लिहा. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आल्यामुळे आषाढी एकादशी अजून दहा-बारा दिवस पुढे होती. वारी कुठवर पोहोचली असेल तेही पंचांगावरून ताडता येईल. तुमच्या वाड्यातलं कोणी वारीला गेलेलं असेल तर त्या माणसाला पुराची बातमी वाटेत कळेल आणि घरच्यांची कळणार नाही.

वर्तमानपत्रं बघायची तर ‘सकाळ’ आणि ‘केसरी’चे त्या महिन्याचे अंक बघा, पण पहिलं पान तुम्हाला आता पाठ आहे, आतली पानं वाचा. छोट्या जाहिराती, जागा भाड्याने, निवेदनं, धान्याचे भाव, शाळांच्या सूचना. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे. अशा जुन्या ग्रंथालयात गेलात की तारीख सांगून अंक मागण्याआधी काय शोधताय ते ग्रंथपालांना सांगा. ज्याला आपलं काम प्रिय आहे असा ग्रंथपाल तुम्हाला न सुचलेली फाइल काढून देतो.

आणि एक धंदा नीट शिकून घ्या. निदान एका पात्राच्या हाताला पूर्ण काम हवं. त्या पेठांत तेव्हा छापखाने होते. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, उभे करून मजकूर जुळवणारा जुळारी घ्या. अक्षरागणिक खण असलेल्या त्याच्या लाकडी पेट्या, ट्रेडल मशीन, कागदाची रिमं. यातून पाणी गेलं की काय होतं? कागद फुगतो, त्याचा लगदा होतो, पेट्यांचं लाकूड सांधे सोडतं, आणि हजारो खिळे गाळात एकमेकांत मिसळून बसतात. ते धुऊन, वाळवून, एकेक ओळखून परत आपल्या खणात टाकायचे. हे काम करणारा माणूस आठवडाभर वाकून बसेल, आणि त्याच्याशी बोलायला येणारा प्रत्येक जण त्याला एक बातमी सांगेल. तुमच्या वहीतली सगळी माहिती अशा संवादांतून आत येऊ शकते.

मला एक वेगळाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. पुराची कादंबरी पुराच्या दिवशीच का घडावी? जी घटना सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्या जागेवर लेखकाला फार थोडी मोकळीक मिळते. तिचे परिणाम ज्याच्या दाराशी येऊन थांबतात, तिथे ती जास्त मिळते. पुरानंतर घरं गेलेल्यांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसन हट उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांच्या वाढीत पूरग्रस्तांचा मोठा वाटा आहे. वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या एकाच उंबऱ्याच्या आत राहिलेली, सोवळंओवळं पाळणारी, भाडेकरू आणि मालक अशा नात्याने बांधलेली माणसं एकदम पत्र्याखाली शेजारी शेजारी आली. तिथे कोण कोणाच्या घरचं पाणी पिऊ लागलं? खडकवासला फुटल्यावर शहराच्या नळाचं पाणीच तुटलं होतं, तेव्हा कोणाच्या आडावर कोणाला पाणी भरू दिलं गेलं? मला स्वतःला १२ जुलैपेक्षा १२ ऑगस्टबद्दल वाचायला आवडेल.

किंवा उलट्या दिशेने जा, नदीच्या वरच्या अंगाला. आंबी नदीच्या खोऱ्यातली गावं या धरणापायी उठली होती. शहराला पाणी मिळावं, शेतीला मिळावं म्हणून ज्यांनी जमीन सोडली, त्यांच्या डोळ्यांसमोर ते धरण फुटलं. त्या सकाळी धरणाच्या वरच्या बाजूला उभं राहून, जलाशय रिता होताना आपलं जुनं शिवार पुन्हा उघडं पडलेलं पाहणारा माणूस तुमच्या वहीत नाही. शक्य असेल तर त्याला शोधा.

तर होय, पुण्याला जा, पण जुलैत जा. पाऊस असताना नारायण पेठेतून पर्वतीपर्यंत पायी चाला, आणि हातात जड पिशवी घ्या. पुराच्या दिवशी कोणी मोकळ्या हाताने निघालं नव्हतं.

एक वाचक, दुबई : माझं माहेर सिंधुदुर्गात. लग्नानंतर गाव सुटलं. नव्वदच्या दशकातली, एका आजारी आईची आणि मुंबईला असलेल्या तिच्या मुलांची गोष्ट लिहिते आहे. गावाचं खरं नाव घातलं तर गावातली माणसं स्वतःला ओळखतील, दुखावतील. काल्पनिक गाव केलं तर चालेल का? आणि काल्पनिक असल्यावर संशोधन कशाला, असंही वाटतं.

गाव काल्पनिक करा, तालुका खरा ठेवा. नाव तुमच्या मनचं असू दे, पण ते कणकवलीहून किती अंतरावर, एसटी कुठल्या तिठ्यावर थांबते, आठवडा बाजार कुठे भरतो, खाडी जवळ की घाट जवळ, हे एकदा कागदावर आखून घ्या आणि मग त्याला धरून राहा. गाव समुद्राला दहा किलोमीटर अलीकडे सरकलं की मासे विकणारी दारात येण्याची वेळ बदलते, आणि तेवढ्याने तुमच्या आईचं दुपारचं जेवण बदलतं.

संशोधन तर जास्तच लागेल, कारण काल्पनिक गावाला सावरून धरायला खरं गाव नसतं. तुमच्या गोष्टीचा कणा आहे तो हा, की आई आजारी पडली तर मुलं किती वेळात पोहोचतात. नव्वदच्या दशकात या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधी रात्रभर एसटीचा प्रवास, महामार्गावरची वळणं, पावसात एखादी दरड. आणि निरोप कसा जायचा? तार की तिठ्यावरचा एसटीडी बूथ? बूथवाल्याने निरोप घेतला तर तो आधी गावाला कळला आणि मग मुलाला. तुमची गोष्ट १९९४ ची आहे की १९९९ ची, हे आजच ठरवा. नुसतं ‘नव्वदचं दशक’ म्हणून चालणार नाही, कारण या पाच वर्षांत मुलाचं गावापासूनचं अंतर बदललं आहे. १९९४ मध्ये न पोहोचलेल्या मुलाला गाव माफ करेल. १९९९ मध्ये न पोहोचलेल्याला करणार नाही.

तुम्ही पाठवलेल्या प्रकरणात शिमग्याला पालखी नाचवण्याचा मोठा प्रसंग आहे आणि नमन-खेळे आहेत. वाचताना मला तो रत्नागिरीकडचा वाटला. तुमचं गाव सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला असेल तर कार्तिकापासून गावोगाव लागणाऱ्या जत्रा आणि रात्रभर चालणारा दशावतार यांत तुमच्या माणसांची वर्षभराची ऊठबस जास्त दिसेल. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात हे सगळेच लिहितात. जत्रेला कोण आलं आणि कोण आलं नाही, याची नोंद गाव कशी ठेवतं ते तुम्हाला आठवत असेल, तर ते लिहा. तुमच्या आधी ते फार थोड्यांनी लिहिलं असेल.

शेताचं वेळापत्रक पण मांडून घ्या. तरवा, म्हणजे भाताची रोपं, कधी काढतात, लावणीला माणसं कोणाकडून येतात, आंब्याला मोहोर कुठल्या महिन्यात आणि पहिली पेटी कधी भरते. आई पावसाळ्यात आजारी पडली तर लावणी अडते. चैत्रात पडली तर आंबा. या दोन आजारांत मुलांच्या डोक्यात येणारे विचार सारखे नसतात, आणि त्यातला एक विचार असा असतो जो कोणी मोठ्याने बोलत नाही.

माणसं ओळखू येण्याच्या भीतीबद्दल थोडंसं. नाव बदलून कोणी लपत नाही. धंदा, भावंडांची संख्या आणि घराची दिशा बदलली की बरंच लपतं. ज्या माणसाबद्दल तुम्हाला अजून राग आहे त्याला या कादंबरीत आणूच नका, असा माझा आग्रह आहे. रागाने लिहिलेला माणूस गावाला लगेच ओळखू येतो.

एक वाचक, डोंबिवली : ताई, मी बावीस वर्षांची आहे. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची नोकरी गेली. मला त्यावरच लिहायचं आहे, पण संपाचा विषय काढला की ते ‘झालं ते झालं’ म्हणून टीव्ही लावतात. त्यांच्याशिवाय लिहू का?

अगं, संपाचा विषय काढूच नकोस. कामाचा काढ. ‘तुम्हाला तेव्हा काय वाटलं’ असं विचारल्यावर त्यांनी काय सांगावं? त्याऐवजी त्यांना विचार, सूत तुटलं तर कसं जोडायचात? धोटा, मागावरचं ते शटल, उडून कोणाला लागलेला पाहिलाय का? एक माणूस किती साचे बघायचा? साचेखात्यात इतका आवाज असायचा की माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. त्या खुणा त्यांना करून दाखवायला सांग. हात आठवतील. तोंड मागून येईल.

धरणग्रस्तांवर लिहिताना मी कोयनेकाठच्या उठलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या बायांशी पुष्कळ बोलले. गाव सोडताना कसं वाटलं, असं विचारलं की सगळ्या एकच उत्तर द्यायच्या: वाईट वाटलं. मग मी विचारायला लागले, गाडीत काय काय घातलं आणि काय राहिलं? एक आजी म्हणाल्या, जात्याची वरची तळी नेली, खालची जमिनीत पक्की बसवलेली होती, ती तिथेच राहिली. नव्या गावात खालच्या तळीशिवाय ती नुसती अंगणात पडून होती. एवढं सांगितल्यावर त्या पुढे तासभर बोलल्या, आणि मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. तू आजोबांना असंच वस्तूंबद्दल विचार. डबा कोण भरायचं, पगाराच्या दिवशी घरी काय यायचं, बदली कामगार असताना दारात उभं राहून काम न मिळाल्यावर परत जाताना कुठल्या रस्त्याने जायचे.

संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, हे तुला माहीत आहेच. डॉ. दत्ता सामंतांची भाषणं, मोर्चे यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. तुझी जागा वेगळी शोध. मला दोन दिसतात. एक, खानावळ. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरच्या घरी जेवू घालणाऱ्या बायका होत्या. महिन्याचे पैसे पगारावर मिळायचे, तोवर सगळं उधारीवर. त्यांची संघटना, प्रेमा पुरवांनी उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ, १९७५ पासूनची. आता पगार थांबला. जेवणारे वीस जण समोर बसले आहेत, वाण्याची उधारी चढते आहे, आणि यातल्या एकाही माणसाला ती उठ म्हणू शकत नाही. संपाबद्दल एक शब्द न लिहिता तू संप लिहू शकतेस.

दुसरी जागा गावाकडची. संप लांबला तसे किती तरी कामगार कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परतले. गावी भावाने इतकी वर्षं जमीन कसली होती. मनीऑर्डर पाठवणारा भाऊ पाहुणा म्हणून यायचा तेव्हा कौतुक होतं. तो आता राहायलाच आला. भावजय भाकरी थापताना किती मोजून थापते, तिथून सुरुवात करता येईल. तुझे आजोबा त्या दिवसांत गावी गेले होते का, हे आधी आजीला विचार. आजी असतील तर खरं त्यांच्याकडेच बस. मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं की तू चुकीच्या खुर्चीसमोर बसली आहेस.

जुने अंक बघायचे तर दादर पूर्वेला नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं संदर्भालय तुला सोयीचं पडेल. आजोबांना पण घेऊन जा, जमलं तर. अंकातला एखादा फोटो पाहून माणूस बोलायला लागतो.

एक वाचक, सातारा : दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा सैनिकावर कादंबरी लिहायचा विचार आहे. इटलीला जाणं परवडणारं नाही. न पाहिलेल्या देशावर लिहावं का?

लिहावं. त्या सैनिकानेही इटली स्वतःहून निवडलेली नव्हती, आणि नकाशा त्याच्या हातात नव्हता. त्याला दिसलं तेवढंच तुम्हाला दाखवायचं आहे: चिखल, दगडी घरं, द्राक्षांचे मळे, उतारावरची जैतुनाची झाडं, नदीपल्याडची मशीनगन. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे वरच्या तायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ ला पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधवांना तो सेनिओ नदीवरच्या एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी मिळाला. त्यांच्या मानपत्रांचा मजकूर छापील मिळतो, आणि तो वाचला की एका मिनिटात माणूस किती पावलं टाकतो हे कळतं. फोर्ली, कॅसिनो इथल्या युद्धस्मशानांच्या नोंदी घरबसल्या पाहता येतात. नावापुढे वय असतं, कित्येकदा बापाचं नाव आणि गाव असतं. एक संध्याकाळ फक्त ती यादी वाचा.

तरीही माझं मत विचाराल तर निम्मी कादंबरी साताऱ्यातच ठेवा. तुमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेली घरं आहेत. टपालवाला वाडीत शिरताना कोणाच्या दारासमोर सायकलवरून उतरतो याकडे सगळी आळी बघत असायची. पत्र सेन्सॉर झालेलं, लिहायला येणाऱ्याकडून लिहून घेतलेलं, आणि वाचायला येणाऱ्याकडून वाचून घेतलेलं. म्हणजे नवरा-बायकोच्या मधे तीन परके. त्या दोघांनी एकमेकांना खरी गोष्ट कशी कळवली असेल? हे शोधायला तुम्हाला विमानाचं तिकीट लागणार नाही.

एक वाचक, सोलापूर : संशोधन किती झालं म्हणजे लिहायला बसावं?

आजच बसा. माहीत नाही तिथे पेन्सिलीने चौकोन काढा आणि पुढे जा: ‘त्याने दुकानातून ▢ घेतलं आणि ▢ दिले.’ प्रकरण संपलं की चौकोन मोजा. त्यांतले निम्मे चौकोन गोष्टीला नकोच होते, असं दिसेल. ती वाक्यं काढून टाका. उरलेल्यांची यादी घेऊन ग्रंथालयात जा, किंवा ज्याने ते काम आयुष्यभर केलंय त्याच्याकडे जा. सोलापुरात तुम्हाला चादरीच्या मागावर बसलेला माणूस चालत जाऊन भेटता येईल. त्याच्याकडे जाताना वही उघडी ठेवू नका, पहिल्या दिवशी नुसतं बघा. परत येऊन लगेच, जेवायच्या आधी लिहून काढा. त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. ते सुधारून प्रमाण मराठीत आणण्याचं काम नंतर कधीच करू नका.